पुडी आणायला मुलाला पाठवू नका

नववीच्या वर्गात एकदा मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, अक्षर ओळखू येईल अशी भीती वाटली तर डाव्या हातानं लिहा, असं सांगितलं. प्रश्न तीन होते. तंबाखू वाईट आहे का? तिनं काय होतं? आणि तंबाखूची, गुटख्याची किंवा सुपारीची पुडी पहिल्यांदा हातात घेतलीस तेव्हा कितवीत होतास, ती कोणासाठी होती?

पहिल्या दोन प्रश्नांना सगळ्यांनी सारखंच लिहिलं होतं. वाईट आहे, कॅन्सर होतो. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी घरी नेऊन वाचली आणि रात्री जेवणानंतर पुन्हा वाचली. ‘पप्पांसाठी. दुसरीत होतो.’ ‘आजीची मशेरी भाजायला तव्याजवळ मीच बसते.’ ‘मामा नाइटला जातो तेव्हा नाक्यावरून आणून देतो. सुट्टे पैसे मला.’ एका चिठ्ठीवर अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बाई, मी खाल्ली नाही. फक्त मळून दिली.’

पालघर तालुक्यात इतकी वर्षं विज्ञान शिकवताना मला जे उमगलं नव्हतं ते त्या चिठ्ठीनं सांगितलं. आपल्या मुलांना तंबाखूची माहिती भरपूर आहे. तंबाखूविरोधी निबंधात बक्षीस मिळवणारा मुलगाही संध्याकाळी डबीतला चुना बोटावर घेऊन आजोबांना तंबाखू मळून देतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. कारण कॅन्सर पुस्तकात आहे आणि तंबाखू आवडत्या माणसाच्या खिशात आहे. मूल कोणाचं ऐकणार, हे उघड आहे. म्हणून पालकांनो, मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात तुमच्या घरापासून होते.

देशपातळीवरची पाहणीही याच दिशेला बोट दाखवते. 2019 साली केंद्र सरकारनं देशभरातल्या शाळांमधून जी जागतिक युवा तंबाखू पाहणी केली, तिच्यात 13 ते 15 वयाची 8.5 टक्के मुलं त्या वेळी तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. मुलगे 9.6 टक्के, मुली 7.4 टक्के. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहा, आणि ‘मुलींचा प्रश्नच नाही’ असं यापुढे म्हणू नका. त्याच पाहणीत ज्यांनी कधी ना कधी तंबाखू चघळली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहावा वाढदिवस व्हायच्या आत तोंडात घातली होती. म्हणजे चौथीत किंवा त्याही आधी. आपण व्याख्यान ठेवतो आठवी-नववीत.

आपल्या भागात हे का घडतं, ते नीट बघायला हवं, कारण पालघर म्हणजे एकच एक गाव नव्हे. तारापूर एमआयडीसीतल्या अनेक रासायनिक कारखान्यांत ज्वालाग्राही द्रावणं असतात. तिथं काडीपेटी, लायटर, विडी-सिगारेट आत न्यायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. पण रात्रपाळीचा माणूस झोप आवरण्यासाठी काहीतरी शोधतोच, आणि त्याला धूर न होणारी, खिशात मावणारी, कोणाला न दिसणारी वस्तू सापडते. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर या किनाऱ्यावरच्या गावांत बोटीवरचा खलाशी रात्र जागवायला तीच वापरतो. पूर्वेकडच्या पाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. तिथं भूक मारायला तंबाखू उपयोगी पडते, आणि आईबापाबरोबर गेलेलं मूल ते उघड्या डोळ्यांनी पाहतं. बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे खैनी आणि दातांना लावायचा गुल आहे.

या शेवटच्या वाक्यावर पुष्कळ लोक मान डोलावतात. ‘हे सगळं बाहेरच्यांनी आणलं’ असं सभेत मी किती वेळा ऐकलं आहे! मशेरी काय बाहेरून आली? तंबाखूचा बार भरणं, आलेल्या पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्याबरोबर डबी सरकवणं, हे कोणी शिकवलं आपल्याला? महाराष्ट्राचे गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगानं 16 फेब्रुवारी 2015 रोजी गेले, तेव्हा ते 57 वर्षांचे होते. शरद पवारांवर 2004 मध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि आपल्या जुन्या सवयीची खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. तंबाखू आपल्या घरातली आहे, हे आधी कबूल करू या.

आता मूल ज्यांना तंबाखू समजतच नाही त्या वस्तूंकडे वळते. कारण ‘तू तंबाखू खातोस का?’ असं विचारलंत तर मूल ‘नाही’ म्हणेल आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरंच बोलत असेल. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, पण घरात तिला ‘दात घासायचं’ म्हणतात. मुलीच्या दाढेत ठणका लागला की आजी प्रेमानं चिमूटभर लावते. ठणका थांबतो, कारण निकोटिननं मेंदूला घटकाभर गुंगवलेलं असतं. दाढ तशीच किडत राहते आणि मुलीला मात्र हळूहळू सकाळी मशेरीशिवाय चैन पडत नाही. गुलचंही तसंच. मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर रगडलेलं मिश्रण. मुलं त्याला ‘सुपारी’च म्हणतात.

आणि खुद्द सुपारी? ती तर सगळ्यांना निर्दोष वाटते. लग्नाच्या पंगतीनंतर मुलांच्या हातावर गोड सुपारीची पाकिटं पडतात. चमकदार, रंगीत, अगदी गुटख्याच्या पाकिटासारखी. पाकीट दातानं फाडायचं, मान मागे टाकून तोंडात ओतायचं आणि गालात धरायचं, ही सगळी तालीम सहा वर्षांचं मूल गोड सुपारीवर करून घेतं. पुढे पाकीट बदलतं, तालीम तीच. सुपारी एकटीही घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली तंतू साठत जातात. गाल आतून पांढुरका, कडक, दोरीसारखा होतो आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. हा आजार म्हाताऱ्यांचा राहिलेला नाही. शाळकरी मुलांमध्ये तो दिसतो आणि एकदा तोंड आखडलं की ते पूर्वीसारखं पूर्ण मोकळं होणं फार अवघड असतं.

याची घरच्या घरी करायची एक साधी तपासणी आहे. मुलाला त्याची स्वतःचीच तीन बोटं, म्हणजे तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक येतील अशी उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील, तर त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांना दाखवा. मी ही तपासणी वर्गात खेळासारखी घेते, सगळ्यांची एकदम, माझ्यासकट. कोणाला वेगळं काढायचं नाही. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा तीन बोटं तोंडाजवळ नेऊन नुसताच हसत राहिला. डब्यात मिरचीचा ठेचा आला की हल्ली तो नको म्हणतो, असं त्याचा मित्र म्हणाला. तिखट लागताच तोंडाची आग होणं हे त्या आजाराचं अगदी पहिलं लक्षण आहे. मूल तिखट खायचं अचानक बंद करतं तेव्हा घरचे कौतुकानं म्हणतात, ‘हा आता साधं खातो.’ आधी त्याचं तोंड बघा.

बघायचं कसं, तेही सांगते. उजेडात बसवा. खालचा ओठ बाहेर ओढून आतली बाजू पाहा. खैनी किंवा चुना लावलेली तंबाखू धरणाऱ्यांची तिथली कातडी पांढरट, सुरकुतलेली दिसते. मग दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या कडांना पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गिळताना टोचणं, यातलं काहीही असलं तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा त्यांना मुलांचं तोंडही पाहायला मुद्दाम सांगा. उंची-वजनाच्या घाईत ते राहून जातं. ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. या वयात सापडलेला चट्टा म्हणजे बहुतेक वेळा अजून वेळ हातात आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जायला पहाटेची डहाणू लोकल पकडणारी माणसं आपल्यातल्या प्रत्येकानं पाहिली आहेत. मफलर गालावरून गुंडाळलेला, हातात फाइल. त्यातल्या बहुतेकांचा चट्टा कधीतरी लहान होता.

एवढं लक्षात ठेवून घरात काय करायचं ते पाहू. माझी पहिली विनंती शीर्षकातच आहे. मुलाला पुडी आणायला पाठवू नका. पाच मिनिटांचं काम आहे, मूल धावत जातं, तुमचे पाय दुखत असतात, सगळं खरं. पण त्या पाच मिनिटांत मूल तीन गोष्टी शिकतं. टपरीवर मला कोणी अडवत नाही, ही वस्तू मोठ्यांना माझ्या हातून हवी आहे, आणि उरलेले सुट्टे माझे. त्या सुट्ट्या पैशांत गोड सुपारी येते. मळून द्यायला सांगू नका, मशेरी भाजायला बसवू नका, शर्टाच्या खिशातली डबी ‘जरा आण’ म्हणू नका. तुमची सवय तुम्हाला आज सुटत नसेल तर नसो, हा लेख तुम्हाला लाज वाटावी म्हणून लिहिलेला नाही. मुलाचा हात त्यातून काढून घ्या, एवढं तर आजपासून जमेल.

दुसरी विनंती जास्त अवघड आहे. स्वतः खात असाल तर मुलापासून लपवण्याऐवजी त्याच्याशी त्यावर बोला. अनेक बाप म्हणतात, ‘मीच खातो, मग त्याला कुठल्या तोंडानं सांगू?’ याच तोंडानं सांगा. ‘मला सोळाव्या वर्षी लागली, मला सोडायची आहे आणि जमत नाहीये,’ हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला निकोटिन काय करतं ते कुठल्याही भित्तिचित्रापेक्षा नीट समजतं. या वयात मुलाला सत्तराव्या वर्षीच्या कॅन्सरची भीती वाटत नाही. कोणी आपल्याला बांधून ठेवलं आहे, ही कल्पना मात्र त्याला अजिबात खपत नाही.

मुलांच्या मनातली तंबाखूची किंमत कशात आहे, तेही ओळखा. दहावीचा मुलगा म्हणतो, रात्री अभ्यासाला जाग राहते. त्याला सांगा, की सवय लागल्यावर निकोटिन जी तरतरी देतं ती पुडीआधी गेलेली तरतरीच असते. न खाणाऱ्या मित्राजवळ ती फुकट असते. कबड्डी खेळणारा म्हणतो, दम टिकतो. त्याला सकाळी नाडी मोजायला लावा, पुडीनंतर पुन्हा मोजायला लावा, ठोके वाढलेले त्याचे त्यालाच कळतील. तारापूरच्या बाजूच्या मुलांना किरणोत्सर्ग हा शब्द घरात ऐकून माहीत असतो, कारण अणुवीज केंद्रात काम करणाऱ्यांना मात्रा मोजणारा बिल्ला लावावा लागतो. एकदा मी वर्गात सांगितलं, की तंबाखूच्या पानात पोलोनियम-210 हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य अगदी थोड्या प्रमाणात असतं, आणि ते गालात धरणाऱ्याला कोणी बिल्ला देत नाही. त्या दिवशी वर्ग ज्या शांततेनं ऐकत होता, तशी शांतता कॅन्सरच्या चित्रांनी कधी पडली नव्हती. मुलाला त्याच्या जगातली गोष्ट सांगा.

समजा, कंपासपेटीत पुडी सापडली. त्या क्षणी बहुतेक घरांत आधी हात उठतो. मारलेलं मूल तंबाखू सोडत नाही, जागा बदलतं. कंपासपेटीतली पुडी मोज्यात जाते, नाहीतर सायकलच्या सीटखाली. तो दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना, विचारा: ‘पहिल्यांदा कोणी दिली?’ हा प्रश्न आरोपीला विचारल्यासारखा विचारला तर उत्तर मिळणार नाही. मग ‘दिवसातून कधी आठवण येते?’ सकाळी उठल्याउठल्या तोंडात घालावीशी वाटत असेल तर सवय पक्की झाली आहे, एकट्यानं सोडणं त्याला जड जाईल, मदत घ्या. मित्रांबरोबर नाक्यावरच वाटत असेल तर निकोटिनपेक्षा नाका सोडवायचा आहे.

सोडण्याचा दिवस मुलालाच ठरवू द्या, पण आठवड्याच्या आत. त्या दिवशी घरातली, दप्तरातली, खिशातली प्रत्येक पुडी बाहेर. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट जातात. चिडचिड होते, झोप उडते, डोकं जड होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. ते मूल उद्धट झालेलं नसतं, त्याच्या अंगातून निकोटिन उतरत असतं. घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या दिवशी ताट ढकललं म्हणून कोणी ‘यापेक्षा खाल्लेली बरी’ असं म्हणणार नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बहुतेक ओसरतो. तलफ येते ती लाटेसारखी असते, पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढ्यात गार पाणी घोट-घोट प्यायचं, लांब श्वास घ्यायचे, जागेवरून उठायचं. गालाला काहीतरी लागतंच, म्हणून खिशात बडीशेप, भाजलेले चणे किंवा भाजलेले चिंचोके ठेवा. चिंचोका टणक असतो, बराच वेळ पुरतो आणि आपल्याकडे फुकट मिळतो. ‘तंबाखूऐवजी नुसती सुपारी’ हा तोडगा मात्र कोणी सांगितला तरी घेऊ नका. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

मदतीसाठी 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. तिथं समुपदेशक बोलतात आणि नंतर विचारपूसही करतात. मुलाशेजारी बसून तुम्ही स्वतः फोन लावा. तुम्हालाही सोडायची असेल तर दोघांनी एकाच फोनवर सुरुवात केलीत तरी हरकत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्येही हा विषय मोकळेपणानं बोलता येतो.

सुटलेली सवय परत कधी जडते, हे ठरलेलं असतं. लग्नसराई, होळीची रात्र, रात्री दिवे लावून चालणाऱ्या क्रिकेटच्या स्पर्धा, आणि मे महिन्याची सुट्टी. त्या आधीच मुलाशी बोलून ठेवा. कोणी पुढे केली तर काय म्हणायचं, ते शब्द घरात दोनदा उच्चारून पाहा. ‘नको, तोंड आलंय’ हे साधं वाक्य आमच्या एका विद्यार्थ्यानं शोधून काढलं. कोणी आग्रह करत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. एखाद्या रात्री घसरलाच तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून. चार प्रयत्नांत सुटलेलीही सुटलेलीच असते.

मे महिन्यावरून शाळांना एक गोष्ट सांगायची आहे. जागतिक तंबाखूविरोधी दिन 31 मे रोजी येतो, आणि त्या दिवशी आपल्या शाळांना सुट्टी असते. म्हणून मग तो जूनमध्ये कधीतरी शपथ आणि फेरी काढून उरकला जातो. त्यापेक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टीला सोडण्याआधी, एक तास द्या. सुट्टीत मुलं मामाकडे जातात, भट्टीवर जातात, लग्नात वाढपी म्हणून राबतात, कोणी कारखान्यात मदतीला जातं. पहिली पुडी याच दिवसांत हातात पडते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात तीन बोटांची तपासणी घ्या, म्हणजे सुट्टीचा हिशेब कळेल.

सुरुवातीला सांगितलेल्या चिठ्ठ्यांचा उपक्रम कोणत्याही शाळेला एका तासात जमतो. अट एकच, चिठ्ठ्यांवरून कोणालाही शोधायला जायचं नाही. एका शाळेत मी असताना अक्षर ताडून एका मुलाला कार्यालयात बोलावलं गेलं. पुढच्या वर्षी त्या वर्गातल्या सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. मुलाला प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभं करणं, शाळेतून आठ दिवस काढून टाकणं, हेही थांबवा. शाळेतून काढलेला मुलगा दिवसभर कुठं बसतो? नाक्यावरच. आणि शिक्षकबंधूंनो, शिक्षकदालनातली डबी मुलांना माहीत असते. तिथं चहा घेऊन येणारा विद्यार्थी घरी जाऊन सगळं सांगतो.

शाळेभोवतीच्या कायद्याचं थोडक्यात. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरांत, विक्रीच करता येत नाही. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंतच. बाल न्याय कायदा 2015 त्याहून कडक आहे. त्याच्या 77 व्या कलमाखाली मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, सुगंधित सुपारी आणि सुगंधित तंबाखूही पुढे त्यात आली. ई-सिगारेट 2019 पासून देशभर बंद आहे. बंदी असूनही मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच, म्हणजे माल येतो आहे. सर्व शैक्षणिक संस्थांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांच्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखायची असते. ती मुलांना टेप घेऊन मोजायला लावा. भूगोलाच्या तासाला जमणारं काम आहे, आणि स्वतः मोजलेली रेषा ओलांडताना मुलाच्या लक्षात राहते.

टपरीवाल्याकडे जाताना मात्र मुलांची फेरी घेऊन, घोषणा देत जाऊ नका. त्याचा मुलगा तुमच्याच सातवीत असण्याची शक्यता मोठी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना दोन शिक्षक आणि दोन पालक असे जा, चहा घ्या आणि स्पष्ट मागणी करा. गणवेशातल्या मुलाला काही द्यायचं नाही, ‘बाबांनी सांगितलंय’ म्हटलं तरी द्यायचं नाही, लटकत्या पाकिटांच्या माळा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायच्या नाहीत. कायद्याच्या कलमाची छापील प्रत त्याच्या हातात ठेवा. पुष्कळ जण ऐकतात, निदान ओळखीच्या मुलांच्या बाबतीत. शंभर यार्डांच्या आतल्याला जागा बदलायला मुदत द्या. नाहीच ऐकलं तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव आणि मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, या क्रमानं जा. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांत मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, तो बहुतेक वेळा दारूच्या संदर्भात आठवला जातो. ग्रामसभेत एका आईनं उठून ‘माझ्या पोराला पुडी देऊ नका’ म्हटलं की टपरीवाल्यावर जो परिणाम होतो तो दोनशे रुपयांच्या दंडानं होत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकारानं 2016 पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’चं काम गावागावांतल्या अशाच आवाजांवर उभं आहे.

गेल्या दिवाळीआधीच्या पालकसभेत मी हे सगळं बोलले. रात्रपाळी करून थेट आलेले एक वडील मागच्या खुर्चीत पेंगत होते, त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटलं नाही. जानेवारीच्या सभेला ते आले तेव्हा निघताना दारात थांबले. म्हणाले, ‘बाई, सुटली नाही अजून. पण पोराला पाठवत नाही, मीच उतरतो खाली.’ ते चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. ‘रात्री दहानंतर जिवावर येतं चार जिने उतरायचं,’ ते म्हणाले, ‘मग राहून जाते कधी कधी.’